खळ्यात फक्कीनं आखलेली नाव

माझ्या चुलत्याला शिडाची बोट घ्यायची होती, आणि मला पहिल्या दिवसापासून त्यात काहीतरी काळंबेरं दिसत होतं.

मी सांगलीत राहते. नदीत सोडलं जाणारं घाण पाणी, वाळू, धरणाच्या फुगवट्यावरचे पर्यटनाचे बेत, असल्या गोष्टींवर आम्ही चार-पाच जणं पत्रकं काढतो. पत्रक लिहिणाऱ्याला एक खोड लागते. कुठलीही गोष्ट समोर आली की आधी विचारायचं, यात कुणाचा फायदा आहे? लग्नाची पत्रिका आली तरी मी वधूवरांच्या आधी खाली शुभेच्छुक कोण आहेत ते वाचते. घरच्यांना याचा वैताग येतो. येऊ दे. दहांतल्या सात वेळा माझा संशय खरा निघालेला आहे.

ज्यांना बोट घ्यायची होती ते नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. आमचं मूळ गाव माण तालुक्यात. उन्हाळ्यात टँकर कधी येणार यावर गावाचं घड्याळ चालतं. नाना फौजेत इंजिनिअरच्या पलटणीत होते. तिथं त्यांना कुणीतरी शिडाच्या होडीत बसवलं आणि मनानं ते त्यातून कधी उतरलेच नाहीत. सुभेदार होऊन निवृत्त झाले, मग काही वर्षं कोकणात एका बोटी दुरुस्तीच्या यार्डात सुपरवायझर होते, आणि आता गावी परत. बेत असा होता की दिवाळी झाली की कोकणात उतरायचं, मेअखेरपर्यंत बोटीवर राहायचं, किनाऱ्या-किनाऱ्यानं फिरायचं, आणि पावसाळ्यात बोट बाहेर काढून गावी यायचं. दोघांनी. नाना आणि काकी.

हे त्यांनी आमच्या सांगलीच्या घरी चहा पिता पिता सांगितलं. त्याच महिन्यात आम्ही धरणाच्या गावांमध्ये पत्रक वाटत होतो. ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्यांना पलीकडं जायला लाँच वेळेवर मिळत नाही, आणि पर्यटकांसाठी मात्र बोटींचा बेत शिजतोय, असं ते पत्रक होतं. असल्या बेतांना पुढं करायला एखादा माजी सैनिक फार उपयोगी पडतो. माणूस सरळ, पेन्शनवाला, कुणी त्याला प्रश्न विचारत नाही. म्हणून मी विचारलं.

"नाना, बोट कुणाच्या नावावर होणार?"

"माझ्या."

"आणि चालणार कुठं?"

"समुद्रात. बोट हाय ती, म्हैस न्हवं."

"धरणावर नाही ना?"

नानांनी कप खाली ठेवला. "तू माझ्यावर पत्रक काढणार हायस व्हय?"

"गरज पडली तर."

"काढ. फोटू तेवढा चांगला टाक."

मी हसले नाही. मी त्या वेळी खरंच त्यांच्यावर संशय घेत होते, हे इथं लिहून ठेवते.

घरात सगळ्यांना नवल वाटलं ते काकीचं. ती हो म्हणाली होती. पण एका अटीवर: "बोटीत यायला मी न्हाई म्हणत न्हाई. पर खाली उतरणार न्हाई."

या अटीमागं एक विहीर आहे. काकी लग्न होऊन आली ते साल कोरडं होतं. गावच्या विहिरीला आतून दगडी पायऱ्या, आणि तळाला झऱ्याचं पाणी तांब्या-तांब्यानं साचायचं. बायका खाली उतरून, तळाशी बसून, पाणी साचायची वाट बघायच्या. एके दिवशी काकी एकटीच खाली होती आणि वरच्या पायऱ्या ढासळल्या. दुपारपासून दिवस कलेपर्यंत ती तळाशी होती. तिला लागलं नव्हतं, दोर टाकून काढलंही. नाना तेव्हा सीमेवर. पत्रात तिनं काही कळवलं नाही. पण तेव्हापासून ती जमिनीखाली जात नाही. साताऱ्याच्या कापडदुकानात साड्यांचा माल तळघरात असला तर ती वर खुर्ची टाकून बसते आणि दुकानदार गठ्ठे वर आणतो. नानांना ही गोष्ट निवृत्त झाल्यावर कळली. तीही दुसऱ्याच कुणाकडून.

आता, साध्या शिडाच्या बोटीत काय असतं, तर चार-पाच पायऱ्या खाली उतरायचं आणि बोटीच्या पोटात बसायचं. खिडकी असते ती डोक्याच्या वर, त्यातून आभाळ दिसतं. म्हणजे काकीच्या लेखी विहीरच. पण काही बोटींमध्ये बसायची जागा उचलून वर घेतलेली असते. चहूबाजूंनी मोठ्या काचा, वर छप्पर, वारा नाही, पाण्याचे फवारे नाहीत, आणि बसल्या जागी बाहेरचं सगळं दिसतं. नानांनी फोनवर फोटो काढून तिला दाखवला.

"जुंधळ्यातला आपला राखणीचा माळा न्हाई का? बसल्या जागी सगळं रान दिसतं. तसं."

"माळ्याला काच असती व्हय?"

"हिला हाय."

"मग बघा," काकी म्हणाली.

झालं. नानांना आता साधी बोट चालणार नव्हती, आणि वर बसायची बोट महाग. नव्या बोटीची किंमत बघून त्यांनी फोन पालथा ठेवला आणि बराच वेळ सुलटा केला नाही. जुनी शोधायची ठरली. पेन्शनच्या माणसाला परवडणारी, वर बसायची, आणि तरंगणारी. या तीन गोष्टी एका बोटीत मिळणं अवघड असतं हे मला सहा महिन्यांत कळलं.

त्यात एक एजंट उगवला. कुठून नंबर मिळाला त्याला, हे मी विचारलं. नीट उत्तर आलं नाही. त्याच्याकडं अशीच एक बोट होती, आणि ती कोकणात नव्हती, कराडच्या अलीकडं हायवेला एका बंद पडलेल्या हॉटेलच्या मागं होती. हॉटेलवाल्यानं ट्रकवर घालून घाटावर आणलेली. बोटीत बसून जेवायचं, अशी कल्पना होती म्हणे. कल्पना बुडाली, बोट राहिली. आम्ही तिघं नानांच्या गाडीतून गेलो. मी कागद बघायला, नाना बोट बघायला, काकी बसून बघायला.

बोट लोखंडी घोड्यांवर उभी होती. रंग ताजा. ताज्या रंगाचा मला नेहमीच संशय येतो. एजंट गॉगल डोक्यावर ढकलून म्हणाला, "सुभेदारसाहेब, राजेशाही बैठक. वहिनींना एकदा बसवा, उठणार नाहीत."

"पाण्यात शेवटची कधी होती?" मी.

"ताई, पाण्याचं काय, पाणी सगळीकडं सारखंच."

"कधी होती?"

"कागदावर असंल."

कागदावर नव्हतं. कागद म्हणजे दोन झेरॉक्स, त्यातली एक अर्धी काळी.

तोवर काकी शिडी चढून आत गेली होती. मी मागोमाग गेले. ती मधल्या बाकावर बसली, दोन्ही तळहात काचेवर ठेवले, आणि बाहेर बघत राहिली. बाहेर समुद्र नव्हताच. उसाचे फड, हायवे, लांब एक डोंगर. "हितनं दिसतंय गं," ती म्हणाली. थोड्या वेळानं परत म्हणाली, "हितनं सगळं दिसतंय." आणि मग खाली बघून, "फरशी बी झ्याक बसवलीया."

नाना बाहेरून लाकडी हातोडीनं बोटीच्या अंगावर ठोकत चालले होते. मडकं घेताना बायका वाजवून घेतात, तसं. ठक, ठक, ठक. आणि एका जागी आवाज बदलला. त्यांनी परत ठोकलं. मग आत आले आणि म्हणाले, "फरशी?"

बोटीत फरशी नसते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. काकीलाही नव्हतं. आमच्याकडं जोतं उचलायचं तर विटा रचतात, वर सिमेंट, वर फरशी. हॉटेलच्या गवंड्यानं तेच केलं होतं. साधी बोट, तिच्या पोटात फूट-दीड फूट विटा रचून जमीन वर घेतलेली, छप्पर कापून त्यावर प्लायवूडची खोली ठोकलेली, आणि वरून रंग. नानांनी कोपऱ्यातली एक फरशी चाकूनं उचकटली. खाली लाल वीट. आयएसआयचा शिक्का असता तर तोही वाचला असता मी.

"खऱ्या बोटीत बैठकीखाली पाण्याची टाकी आसती, इंजिन आसतं," नाना एजंटला म्हणाले. "जड ते सगळं खाली. ही पाण्यात घातली तर पहिल्या वाऱ्याला पालथी."

"साहेब, थोडं हलणारच की, बोट आहे."

"वर भरलेली उसाची ट्रॉली वळणावर हलती तशी?" नाना म्हणाले. ते आवाज चढवत नाहीत. फौजेत ज्यांना आवाज चढवायचा अधिकार होता त्यांची ही सवय मी पाहिली आहे.

एजंटशी जे बोलायचं ते मी बोलले. ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण माझं लक्ष काकीकडं होतं. तिनं हात काचेवरून काढून घेतले होते. ती मुकाट्यानं शिडी उतरली आणि गाडीत जाऊन बसली.

मीही त्यांच्याबरोबर गावी निघाले होते. साताऱ्यात सिग्नलला गाडी थांबली तेव्हा काकी म्हणाली, "आवं, तुमाला आधीच ठावं हुतं?"

"न्हाई गं."

"तुमाला बोटीतलं समदं कळतं म्हणता."

"फोटूत फरशी दिसत न्हवती."

"मी न्हाई येत," काकी म्हणाली. "तुमी जावा. मी हाय गावाकडं. आजवर हुतेच की."

त्या 'आजवर' मध्ये सव्वीस वर्षांची नोकरी होती. नानांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि सिग्नल सुटायच्या आधी पुढं घेतली. मागून हॉर्न वाजले.

यापुढं नाना गप्पच झाले असं आम्हाला वाटलं. ते गप्प नव्हते. ज्वारीची मळणी उरकली, खळं मोकळं झालं, आणि मला फोन आला: "ये. कागद बघायचं हायत." कोकणातल्या एका मालकाची वर बसायची बोट होती, तेहतीस फुटी, जुनी, दिसायला पेटाऱ्यासारखी. नाना एकटे जाऊन बघून आले होते. ठोकून आले होते. या वेळी कागद पुरे होते, मी प्रत्येक पान उलटंपालटं वाचलं: मालकी, नोंदणी, विमा, दुरुस्तीच्या पावत्या. खोट सापडेना. खोट सापडली नाही की मला झोप लागत नाही. मी बोटीचा आराखडाही पाहिला, म्हणजे पाहिला असं मला वाटलं.

काकीला मात्र नाना काहीच म्हणाले नाहीत. सकाळी उठून त्यांनी घराच्या पायाची आखणी करतात तशी खळ्यात आखणी सुरू केली. खुंट्या, दोरी, काटकोन, आणि दोरीवरून चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ. आराखडा हातात, टेप कमरेला. पूर्ण मापाची बोट. टोक पूर्वेला.

शेजारचे बापू बांधावर येऊन उभे राहिले. "नाना, घर काढतायसा व्हय?"

"नाव काढतोय. शिडाची."

बापूंनी रेघांकडं बघितलं, नानांकडं बघितलं, आणि मग मुद्द्याचं बोलले. "टोक बांधाच्या अलीकडंच ऱ्हाऊ द्या म्हंजे झालं. उद्या मोजणी झाली तर भांडान नगं."

बैठकीच्या जागी नानांनी विटांवर फळ्या टाकून उंची केली, टेपनं मोजून. वर बाज ठेवली. चार कोपऱ्यांना बांबू रोवले, आणि काकीच्या दोन जुन्या साड्या अशा बांधल्या की मध्ये हातभर पट्टी मोकळी राहिली. ती खिडकी. मग ओट्याकडं बघून म्हणाले, "आगं, ये. हितं फरशी न्हाई."

काकी पाच मिनिटं आलीच नाही. मग पदर खोचून आली, दारातून, म्हणजे फक्कीच्या रेघेत ठेवलेल्या मोकळ्या जागेतून आत शिरली, आणि बाजेवर बसली. त्या पट्टीतून टेकडी दिसत होती, रस्ता दिसत होता, टँकर आला तो दिसला. ती बराच वेळ बसली. मग उठून रेघांवरून हिंडायला लागली. इथं काय, तिथं काय. नाना सांगत होते. हा बिछाना, ही मोरी, हे सुकाणू.

"आवं, चूल कुठं हाय?"

"पुढं. ती चौकट."

"आन् ह्या तीन रेघा कसल्या?"

नाना थांबले. "पायऱ्या."

"वर जायच्या?"

"खाली."

माझे कान तापले, कारण त्या तीन रेघा आराखड्यात होत्या आणि मी त्या पाहून पान उलटलं होतं. मी शिक्के तपासत बसले, आणि स्वयंपाकघर कुठं आहे हे विचारायचं मला सुचलं नाही. मला. मग मी जे करते तेच केलं. मी भडकले. बोट बनवणाऱ्यांनी काच, उजेड, बैठक वर ठेवली आणि चूल खाली. बसणारा वर, रांधणारी खाली. जगात कुठंही जा, आराखडा हाच, वगैरे. चांगलं बोलत होते. दोन पानी पत्रक झालं असतं.

"तू जरा गप," काकी म्हणाली. "भाषान मागनं. भाकरी कोण थापणार ते बोला."

"चूल माझी," नाना म्हणाले. "मी आराखडा बघितला तवाच ठरवलंय. तू वर बसायचं."

काकी हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. "तुमी?"

"फौजेत केलंय की."

"फौजेत लंगर हुता. तुमी ताट घिऊन हुबं ऱ्हायचा."

"शिकंन."

"बरं," काकी म्हणाली. "एक म्हैना. आपला गोठा वट्यापसनं तीन पायऱ्या खालीच हाय. तिथं शेगडी मांडा. दोन्ही येळचं तुमी करायचं. मी वर. एकदा बी हाक मारायची न्हाई. मारली तर बोट ऱ्हायली."

"मंजूर."

मला हे मंजूर नव्हतं. पुरुषांचे एक महिन्याचे निश्चय मी पाहिलेले आहेत. आमच्या चळवळीत तर फार पाहिलेत. नाना दहिवडीच्या खानावळीतून डबा आणतील, किंवा चौथ्या दिवशी पाठ धरेल, किंवा काकीला दया येईल आणि ती जाईल खाली, आणि मग आयुष्यभर खालीच. म्हणून दोन-तीन आठवडे गेल्यावर मी न कळवता एसटीनं निघाले. दहिवडीला गाडी बदलली, भर दुपारी घरी पोचले.

काकी ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती. गोठ्यातून धूर आणि ठेच्याचा वास. शेजारी टोपलीत झाकलेल्या भाकऱ्या. मी फडकं उचललं. वरच्या दोन भाकऱ्या ओबडधोबड, एकीला चक्क कोपरा होता. खालची मात्र गोल. कंपासनं काढल्यासारखी. मी काकीकडं बघितलं. मग तिच्या हाताकडं. बांगड्यांच्या मध्ये पीठ वाळलेलं.

"काकी, हात दाखव."

"का?"

"ही भाकरी नानांची नाही."

खालून नानांचा आवाज आला, "तिलाच इचार. मला काय ठावं न्हाई."

"त्यांनी हाक मारली ना?" मी म्हणाले. "खरं सांग."

"न्हाई."

"मग पाठ धरली असेल त्यांची. कण्हले असतील."

"आगं न्हाई म्हंते ना. हाक मारली असती तर म्या उतरलेच नसते." काकीनं बांगड्या मागं सारल्या. "परवा धूर लय झाला. पैल्या पायरीवर हुबी ऱ्हायले. म्हटलं, दुसरीला काय हुतंय. तिसरीला वळून बघितलं, तर दार दिसत हुतं. उघडं. माझ्या हातभर अंतरावं." "हिरीतनं वरचं तोंड दिसायचं ते लय लांब हुतं."

मी तिला तीन वेळा, तीन तऱ्हांनी विचारलं. कुणी भरीला घातलं का, नाना रुसले का, तुला वाईट वाटलं का. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "तुला संशय घ्यायचा पगार मिळतोय व्हय गं?" मग ती गोठ्याकडं वळली. "आवं. त्या बोटीत चुलीपाशी खिडकी हाय का?"

नाना पायऱ्या चढून वर आले. हात पिठाचे, कपाळाला काजळी. "न्हाई बहुतेक. इचारतो."

"एक पायजे. थापताना भाईर दिसाय पायजे. ती आसली तर एक दिस म्या करंन, एक दिस तुमी. न्हाईतर न्हाई. आन् तुमच्या दिवशी म्या वरच."

नानांनी तिथंच मालकाला फोन लावला. चुलीपाशी खिडकी नव्हती, पण तिथली बाजू पाण्याच्या बरीच वर होती. गोल भोक पाडून काच बसवता येते, यार्डातला माणूस करून देतो, असं मालक म्हणाला. मी खूण करून फोन स्पीकरवर घ्यायला लावला. भोक पाडल्यावर पाणी आत येणार नाही कशावरून, हेही मी विचारून घेतलं. मालकानं सांगितलं. नानांनी मान हलवली, म्हणजे ते खरं होतं.

"केवढी पाहिजे?" मालकानं विचारलं.

नानांनी काकीकडं बघितलं. काकीनं टोपलीत हात घातला, ती खालची गोल भाकरी काढली आणि उन्हासमोर धरली. "हिच्याएवढी."

नानांनी कमरेची टेप सोडून भाकरीवर आडवी धरली. "नऊ इंच," ते फोनमध्ये म्हणाले. "लिव्हा. नऊ इंच, गोल."

सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. मी भाकरीला हात लावला, तर काकीनं ती बाजूला घेतली आणि नानांची कोपरा असलेली माझ्या हातात ठेवली.

"ती खा," ती म्हणाली. "ही मापाची हाय."